समाप्तनंतरची सोळा पानं

निवृत्त माणसानं बागकाम करावं, असं आमच्या गल्लीचं ठाम मत आहे. गल्लीत बावीस घरं, आणि आमचं सोडून एकवीस घरांपुढे गुलाब. डब्लिनच्या नगरपालिकेतून, पाणीपुरवठा विभागातून, मी एकोणसाठाव्या वर्षी घरी आलो तेव्हा तीन शेजाऱ्यांनी मला छाटणीच्या कात्र्या भेट दिल्या. मी तिन्ही कात्र्या शेडमध्ये टाकल्या आणि विद्यापीठात नाव घातलं. इंग्रजीतलं आधुनिकतावादी साहित्य, एम.ए., एक वर्ष, शेवटी वीस हजार शब्दांचा प्रबंध.

"वाचायचंच आहे तर खुर्चीत बसून वाच की," माझी बायको ग्रोनिया म्हणाली. "त्यासाठी दोन बस बदलून शहरात कशाला जायला हवं?"

खुर्चीत बसवलं असतं तर प्रश्नच नव्हता. मला बसवतच नव्हतं. सकाळी उठून मी तीनदा समुद्रापर्यंत चालत जायचो आणि समुद्र जागेवर आहे एवढं बघून परत यायचो. चौतीस वर्षं ज्या माणसानं गळक्या नळांच्या तक्रारी वाचल्या त्याला आता काहीतरी न गळणारं वाचायचं होतं. निवड चुकली, पण ते नंतर कळलं.

वर्गात बाराजण. त्यातले अकरा माझ्या ओव्हरकोटापेक्षा लहान. तिथे एक गोष्ट मी पहिल्या आठवड्यात शिकलो: कळलं नाही असं कुणीही म्हणायचं नाही. कळलं नाही की खिडकीबाहेर बघायचं आणि म्हणायचं, "मला यातली अस्वस्थता महत्त्वाची वाटते." हे वाक्य मी पूर्ण वर्षभर वापरलं आणि एकदाही उलटलं नाही. शिवाय माझ्या बाबतीत ते खरंही होतं.

आमच्या प्राध्यापिका डॉ. इमेल्डा क्रोक यांनी मला प्रबंधाचा विषय दिला तो असा. ऑनर टिस्डल नावाच्या बाईंनी १९३१ साली डब्लिनमध्ये एकच कादंबरी छापली: 'धक्क्यावरची छत्री'. जगात तिची एकच प्रत उरलेली, शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात. ती क्रोकबाईंनी तीस वर्षांपूर्वी शोधून काढली, तिच्यावर जाड ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून टिस्डलबाई म्हणजे क्रोकबाईंचं माहेर.

"फिंटन, तुमच्या वयाच्या माणसाला ही कादंबरी भिडेल," त्या म्हणाल्या. माझ्या वयाचा उल्लेख मी गिळला.

ग्रंथालयात वाचकाचं कार्ड काढायला पत्त्याचा पुरावा लागतो. आमच्या घरी वीज, गॅस, फोन, सगळं ग्रोनियाच्या नावावर, कारण या गोष्टी वेळेवर आठवतात त्या तिला. माझ्या नावाचं एकच सरकारी पत्र सापडलं. आमच्याकडे एकोणसाठी गाठली की सरकार तुम्हाला आतड्यांच्या तपासणीचं पत्र आणि एक नळी पाठवतं. ते पत्र मी ग्रंथालयाच्या कार्डांच्या खिडकीपाशी नेऊन दिलं. चष्म्याला साखळी लावलेल्या बाईंनी ते उजेडात धरलं आणि त्या शांत दालनात, घुमटाखाली, खणखणीत आवाजात वाचलं:

"प्रिय फिंटन मॅकेव्हॉय, आपला नमुना आम्हाला अद्याप मिळालेला नाही."

चाळीस विद्वानांनी एकदम माना वर केल्या.

"तीन महिन्यांच्या आतलं आहे," बाई म्हणाल्या. "चालेल. पण नळी परत पाठवा हो, या गोष्टी अंगावर काढू नयेत."

असो. कार्ड मिळालं. मग पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. कोट काढून घेतला, उशी दिली. उशी पुस्तकासाठी होती. मी तिच्यावर बसलो. हा गैरसमज कुणाचाही झाला असता.

आणि मग ती कादंबरी. काय सांगू! ॲग्नेस नावाच्या बाईची गोष्ट. सोळाव्या पानापर्यंत सगळं सुतासारखं सरळ. त्यानंतर येतं ते पान एकोणपन्नास. वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि ॲग्नेस एकदम धक्क्यावर छत्री विसरते. अठ्ठावन्नाव्या पानावर तिच्या नवऱ्याला पुरतात. मग येतं पान सतरा, आणि एकोणिसाव्यावर तोच नवरा टेबलाशी बसून अंडं उकडून मागतो! पुढे छत्तिसाव्या पानावर ती छत्री विकत घेते, जी आधीच हरवलेली आहे. आणि कळस म्हणजे एकशे साठाव्या पानावर ठळक अक्षरांत 'समाप्त' येतं, आणि त्यानंतर सोळा पानं कादंबरी चालूच राहते. ती संपते एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर, अशी: "ॲग्नेसनं दार उघडलं आणि". बस्स. पुढे टिंबसुद्धा नाही.

त्या एका 'आणि'वर क्रोकबाईंचं एक अख्खं प्रकरण आहे. पानांच्या आकड्यांचं बंड यावर दुसरं. मला रात्रंदिवस चैन पडेना. मेलेला माणूस अंडं मागतो! मी आयुष्यात इतकं बेचैन करणारं काही वाचलं नव्हतं. वाचता वाचता मी उठून उभा राहायचो आणि साखळीवाल्या बाई मला बोटानं खाली बसवायच्या.

घरी मी तक्ता मांडला. प्रत्येक पानासाठी एक कार्ड, कार्डांना लोकरीचे धागे. तक्ता जेवणाच्या टेबलावरून निघाला तो दिवाणखान्यातून जिन्यापर्यंत गेला. आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायला लागलो. एके दिवशी ग्रोनिया बटाट्याची थाळी हातात घेऊन तक्त्यापुढे थांबली. तिनं चमच्यानं हवेत काहीतरी मोजलं.

"फिंटन, या पुस्तकाची पानं चुकीची लागलीयत."

मी हसलो. ज्याला गाणं कळतं तो बेसूर माणसाकडे बघून हसतो, तसा. "ग्रोनिया, हे आधुनिकतावादी लेखन आहे."

"असेल. पण सोळानंतर सतरा येतात."

"सामान्य पुस्तकात!"

"माझा बटाटा गार होतोय," ती म्हणाली. आम्ही दोन दिवस फक्त मांजरामार्फत बोललो.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना या काळात ऊत आला होता. रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष मिसेस हॅल्पिन म्हणाल्या, "माझ्या भाच्यानं हेच केलं. आता कॉफीची यंत्रं विकतो, पण बोलतो किती छान!" पलीकडच्या घरातले मिस्टर टॅलन वयानं ऐंशीच्या घरात, ते रोज कुंपणाची मेंदी छाटत आणि मेंदीवरून डोकावून एकच प्रश्न विचारत.

"काय पोरा, त्या पुस्तकाला शेवट तरी आहे का?"

"शेवट आहे, मिस्टर टॅलन. पण तो शेवटी नाही."

"मग शेवटी काय आहे?"

"आणि."

"आणि काय?"

"तेच तर जगाला कळत नाही."

मिस्टर टॅलन मान हलवत आणि मेंदीचा आणखी एक निरपराध शेंडा उडवत. पुस्तकाचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. माणूस मोठा प्रेमळ. मंगळवार हा आमच्याकडे कचऱ्याचा दिवस. गाडी गेली की सगळ्यांच्या आधी ते आपला डबा आत नेत आणि पाठोपाठ आमचाही. एकवीस वर्षं मी स्वतःचा डबा आत नेलेला नव्हता. गल्लीत कोण कोणाचा डबा आत नेतो यावरून कोण कोणाचा आहे हे कळतं. बाकी नाताळची कार्डं वगैरे दिखाऊ असतात.

जूनच्या शेवटी मिसेस हॅल्पिन यांनी परस्पर ठरवलं की गल्लीतल्या विद्वानाचं व्याख्यान चर्चच्या सभागृहात व्हावं. मी नको म्हणायच्या आत रविवारच्या चर्चपत्रिकेत छापून आलं आणि दिव्याच्या प्रत्येक खांबावर कागद लागला: "धक्क्यावरची छत्री: समाप्तनंतरचं जग. वक्ते फिंटन मॅकेव्हॉय. चहा व सँडविच." आता मात्र माघार नव्हती. व्याख्यान फसलं असतं किंवा प्रबंध फसला असता तर मला या गल्लीत गुलाब लावून तोंड लपवावं लागलं असतं.

मंगळवारी मी सकाळी फाटकाशी गेलो. मिस्टर टॅलन यांच्या घरापुढच्या खांबावरचा कागद कुणीतरी फाडला होता. आणि आमचा डबा रस्त्यावरच उभा होता, वाऱ्यानं झाकण उघडून.

मला आधी वाटलं, बरं नसेल. पण कात्रीचा आवाज येत होता. मी मेंदीवरून हाक मारली. कात्री थांबली, पावलं वाजली, दार बंद झालं. पुढचा आठवडाभर हेच. मी काय केलं होतं? मी एकवीस वर्षांतलं सगळं आठवून काढलं. त्यांची शिडी परत केली होती. त्यांच्या बायकोच्या अंत्यविधीला गेलो होतो, भाषण छोटं केलं होतं. पुढच्या मंगळवारीही डबा तसाच. आठवा-नववा दिवस असेल, मी इतका अस्वस्थ झालो की समुद्रावर पाचव्यांदा गेलो.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. मिस्टर टॅलन. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत आले, तक्त्याचे धागे ओलांडत आले, आणि जिन्याच्या पायरीवर बसले, कारण बसायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"तू हे मुद्दाम करतोयस का, पोरा?"

"काय, मिस्टर टॅलन?"

त्यांनी डबा उघडला. आत एक पुस्तक. 'धक्क्यावरची छत्री'.

"माझा बाप छापखान्यात बांधणीला होता," ते म्हणाले. "मॅट टॅलन. सोळा सोळा पानांचे फर्मे एकावर एक लावायचे, मग शिलाई. एकतीस साली माझी आई बाळंतपणात अडली. दोन दिवस. बाप इस्पितळ आणि छापखाना, छापखाना आणि इस्पितळ, असा पळत होता. डोळ्याला डोळा नाही. त्यात सहा प्रतींचे फर्मे चुकले."

माझ्या डोक्यात सोळानंतर एकोणपन्नास येत होते.

"लेखिकाबाई स्वतः आल्या. भर कारखान्यात ओरडल्या. मालकानं ही बरोबर प्रत बापाच्या अंगावर फेकली, 'पुस्तक असं असतं' म्हणून, आणि घरी पाठवलं. पाच प्रती परत आणून जाळल्या. सहावी कायद्याप्रमाणे ग्रंथालयात गेली होती, ती कोण मागायला जाणार? बाकीच्या प्रतींच्या गोदामात पाणी शिरलं. तशाही खपत नव्हत्याच. माझी थोरली बहीण जन्मली आणि त्याच महिन्यात बापाची नोकरी गेली. पुढं जन्मभर त्यानं कोळसा वाहिला. आमच्या घरात या पुस्तकाचं नाव काढायची बंदी होती. आणि तू ते माझ्या दारातल्या खांबावर लावलंस."

मला लाज वाटली. इतकी लाज मला आतड्यांच्या पत्रानंही वाटली नव्हती.

"वाच," ते म्हणाले. "बरोबर आहे ते वाच. मग उद्या सगळ्यांपुढे माझ्या बापाला हसायचं की नाही ते तू ठरव." आणि ते निघून गेले.

मी वाचली. बरोबर लावलेली कादंबरी अशी: ॲग्नेसचा नवरा अंडं खातो. ॲग्नेस छत्री घेते. छत्री धक्क्यावर विसरते. नवरा भिजतो, त्याला सर्दी होते, तो मरतो. ती डॉक्टरशी लग्न करते. समाप्त. तात्पर्य, छत्री विसरू नये. आणि ते जगप्रसिद्ध वाक्य? समोरच्याच पानावर, एकशे पंचेचाळिसाव्यावर, ते पूर्ण होतं: "ॲग्नेसनं दार उघडलं आणि मांजराला आत घेतलं." चुकलेल्या प्रतीत हे मांजर एकशे अठ्ठाविसाव्या पानाला चिकटलं होतं, आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

वाचताना मला दोनदा झोप लागली. वर्षभरात पहिल्यांदाच मी खुर्चीत स्वस्थ बसलो होतो. जाग आली तेव्हा ग्रोनिया समोर उभी. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं सोळावं पान काढून समोरचं सतरावं बघितलं. आता ती बोलणार, मी जन्मभर ऐकणार, अशी मी तयारी केली. पण ती म्हणाली, "चहा टाकते." मी या बाईशी लग्न केलं ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्रोकबाईंच्या खोलीत पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकशे पंचेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं.

"मांजर," त्या म्हणाल्या.

"मांजर."

टेबलावर बिस्किटांचा पुडा होता, तो त्यांनी एकेक करून संपवला. मला एकही दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. तीस वर्षं गिळायला काहीतरी लागतंच.

"माझी आई बुटांच्या दुकानात होती," शेवटी त्या म्हणाल्या. "माझा ग्रंथ आला तेव्हा तिनं दोन पानं वाचली आणि म्हणाली, इमेल्डा, पानं चुकलीयत गं. मी तिच्याशी दोन महिने बोलले नाही."

"आमच्याकडे दोन दिवस," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग एकदम पुढे झुकल्या. "खरं सांगा फिंटन. दोन्हींतलं चांगलं पुस्तक कोणतं?"

"चुकलेलं," मी म्हणालो. "हे वाचताना मला झोप लागली. ते वाचताना मला बसवत नव्हतं."

"मग ते कुणी लिहिलं?"

बसमध्ये मी तोच प्रश्न घेऊन बसलो. खरं म्हणजे उभाच होतो. घरी येऊन मिस्टर टॅलन यांचं दार वाजवलं. त्यांनी फटीतून ऐकून घेतलं. तुमच्या वडिलांचं नाव घेऊ का, असं मी विचारलं. "विचार करतो," ते म्हणाले आणि दार लागलं. व्याख्यानाला दोन तास होते.

सभागृहात साठ माणसं. सँडविचचा गुण. मिसेस हॅल्पिन यांनी माझी ओळख करून देताना भाच्याची ओळख करून दिली. मी उभा राहिलो. माझ्या हातात दोन भाषणं होती: एक जुनं, मेलेल्या नवऱ्याच्या अंड्याचं. दुसरं कोरं. दार उघडलं आणि मिस्टर टॅलन आले. शेवटच्या रांगेत दाराशी बसले, अंगात कोट, डोक्यावर टोपी, म्हणजे कुठल्याही क्षणी निघायची तयारी. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. साठ माणसं माझ्याकडे बघत राहिली. कुणीतरी खोकलं.

मिस्टर टॅलन यांनी टोपी काढली. मग कोटाची बटणं, एकेक करून. कोट शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

मी जुनं भाषण खिशात घातलं. म्हणालो, "हे पुस्तक दोघांनी केलं. ऑनर टिस्डल यांनी एक साधी कादंबरी लिहिली, जी आज कुणीही वाचली नसती. मग दोन दिवस न झोपलेल्या एका माणसानं ती बांधली. त्याची बायको इस्पितळात जगते की मरते हे त्याला माहीत नव्हतं. मेलेला माणूस परत येऊन नाश्ता मागेल, संपलं म्हटल्यावरही काहीतरी चालू राहील, असं त्याला त्या दोन दिवसांत वाटत असणार की नाही? ते या पुस्तकात आलं. तीस वर्षं आमच्या विद्यापीठात शिकवतात ते त्याचंच पुस्तक आहे. त्याचं नाव मॅट टॅलन."

कुणी हसलं नाही. हे सांगताना मला काही विद्वान वगैरे वाटत नव्हतं. नंतर चहाच्या वेळी मिसेस हॅल्पिन मिस्टर टॅलन यांना म्हणाल्या, "घरात एवढा मोठा लेखक, आणि सांगितलं नाहीत कधी?" त्यावर मिस्टर टॅलन यांनी चार सँडविच खाल्ली.

प्रबंधाचे पंधरा हजार शब्द झाले होते, ते सगळे वाया. सात आठवड्यांत मी नवीन वीस हजार लिहिले. क्रोकबाईंनी आपल्याच ग्रंथाविरुद्धची तळटीप स्वतःच्या हातानं सुधारून दिली. शेवटचे दोन दिवस मी झोपलो नाही. तीन प्रती छापून बांधायला निघालो तर दुकानाच्या दारात वाऱ्यानं एक गठ्ठा उडवला. मी फुटपाथवर गुडघे टेकून पानं गोळा केली, गठ्ठे दिले, संध्याकाळी बांधलेल्या प्रती घेतल्या, दोन विद्यापीठात टाकल्या आणि तिसरी घेऊन मिस्टर टॅलन यांच्याकडे गेलो.

पहिल्याच पानावर "मॅट टॅलन यांस" असं होतं. ते त्यांनी बराच वेळ वाचलं. मग अंगठा ओला केला आणि बापाच्या लेकानं करावं तसं एकेक पान उलटत आकडे बघू लागले. मी घाबरून बघत होतो. विसाव्या पानाशी ते थांबले. एक पान मागे गेले, एक पुढे.

"पोरा," ते म्हणाले, "विसानंतर सदतीस."

मी प्रत त्यांच्या हातातून ओढली. खरंच विसानंतर सदतीस. माझा वाऱ्यावरचा गठ्ठा! म्हणजे विद्यापीठातल्या बरोबर होत्या, नशीब. "द्या इकडे, सकाळी नीट बांधून आणतो," मी म्हणालो.

त्यांनी दिली नाही. त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं रडतात, पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"राहू दे," ते म्हणाले. "हीच बरोबर आहे." आणि त्यांनी ती बिस्किटांच्या डब्यात, त्या दुसऱ्या पुस्तकावर, ठेवली.

मंगळवारी मी सकाळी फाटकाशी गेलो तर आमचा डबा आत होता, झाकण लावलेला.